गाडीचोरीचा क्लेम कंपनी लांबवते तेव्हा: माझा अनुभव

'क्लेम प्रोसेसमध्ये आहे' एवढंच उत्तर मिळत असेल, तर कंपनीशी भांडण्याआधी बघा, फाइलला कोर्टाने मंजूर केलेली अ समरी लागली आहे का. माझा क्लेम तिथेच रुतला होता.

अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण चोर आणि गाडी दोन्ही मिळाले नाहीत, असा पोलिसांचा शेवटचा अहवाल. तो ठाण्यातून वरिष्ठांकडे आणि तिथून प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. तपासी अंमलदाराची बदली झाली की कागद कपाटातच राहतो, कारण नव्या माणसाला त्याची घाई नसते. म्हणून ठाण्यात साहेबांच्या मागे न लागता क्राइम कारकुनाकडून समरीचा जावक क्रमांक आणि तारीख मागा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपास कुठवर आला हे फिर्यादीला ९० दिवसांत कळवावं लागतं, तेव्हा लेखी अर्ज देऊन पोच घ्यायला संकोच नको. पुढे कोर्टाची नोटीस आली की (आमच्या कोल्हापुरात) कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जाऊन 'समरी मंजूर करण्यास हरकत नाही' असं लिहून द्या आणि त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. कंपनीला सहीशिक्क्याची नक्कल लागते, झेरॉक्स परत येते.

दुसरी अडचण एफआयआरमधल्या आकड्यांची. चॅसी नंबर १७ अक्षरी असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात. ठाण्यात शून्याच्या जागी ओ टाइप होतो, मग पॉलिसी, आरसी आणि एफआयआर जुळत नाहीत आणि क्वेरी पडते. चूक दिसली की लगेच पुरवणी जबाब द्या. समरी गेल्यावर ती दुरुस्त करणं फार किचकट. त्याच वेळी फास्टॅगचं स्टेटमेंट काढून पोलिसांना द्या. गाडी किणी टोलनाक्यावरून पुण्याकडे गेली की कोगनोळी नाक्यावरून कर्नाटकात, हे कधीकधी त्यावरून कळतं. अर्थात चोर टॅग आधीच काढून टाकतात, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

चोरीची चौकशी करायला कंपनी जो इन्व्हेस्टिगेटर पाठवते, त्याला सगळ्यात जास्त रस असतो किल्ल्यांत. दोन्ही मागतात. देताना किल्ल्यांचे फोटो आणि पोच घ्या, पोचेवर 'मूळ किल्ल्या, दोन नग' असं लिहून घ्या. जबाब स्वतःच्या अक्षरात लिहा, कोऱ्या कागदावर सही करू नका. एक किल्ली हरवली असेल तर लपवू नका, वेगळं प्रतिज्ञापत्र द्या. किल्ली गाडीतच राहिली म्हणून सगळा क्लेम बुडतो असंही नाही. अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ७५ टक्के रक्कम द्यायला लावली.

'कंपनीला उशिरा कळवलंत' हे कारण सांगितलं तर २४ जानेवारी २०२० चा गुरशिंदर सिंग निकाल दाखवा. एफआयआर वेळेत असेल तर निव्वळ कंपनीला कळवायला झालेल्या उशिरावरून क्लेम नाकारता येत नाही.

गाडी कंपनीच्या नावावर करण्यासाठी आरटीओचे फॉर्म २८, २९, ३० आणि कर्ज असल्यास बोजा उतरवायचा ३५ मागतात. २९ आणि ३० वर खरेदीदार म्हणून कंपनीचं नाव आधी घाला, मगच सही करा. इन्डेम्निटी बाँड (नुकसानभरपाईचं हमीपत्र) ५०० च्या स्टँपवर; ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० चा चालत नाही. आरटीओलाही चोरीचं पत्र देऊन पोच ठेवा. कर्जाचे हप्ते मात्र क्लेम मिळेपर्यंत थांबत नाहीत, आणि पैसे आले तरी आधी बँकेची बाकी वळती होते.

सगळे कागद एकाच ईमेलने, यादीसह पाठवा आणि शेवटी विचारा: 'याव्यतिरिक्त काही हवं असल्यास एकदाच लेखी कळवा.' कंपन्या एकेक कागद मागत राहतात, त्यावर हा उपाय. जून २०२४ च्या आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) परिपत्रकानुसार सर्व्हेयर २४ तासांत नेमायचा, त्याचा अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर ७ दिवसांत निर्णय. मुदत टळली की ईमेलमध्ये तारखा मांडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा, मग नियामकाचं बीमा भरोसा तक्रार पोर्टल किंवा हेल्पलाइन १५५२५५. मला फोनपेक्षा या लेखी तारखांचाच उपयोग झाला. फोनवर प्रत्येक वेळी नवा माणूस असतो आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं.

रक्कम तपासून घ्या. मिळायची असते पॉलिसीवरची आयडीव्ही, म्हणजे गाडीची ठरवलेली विमा किंमत, त्यातून सक्तीची वजावट: खासगी कारला १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, वर २,०००. 'बाजारभाव कमी आहे' म्हणून आयडीव्ही खाली आणत असतील तर डिस्चार्ज व्हाउचरवर (रक्कम मान्य असल्याच्या पावतीवर) सही नको, आधी हिशेब लेखी मागा.

तक्रारीनंतर महिनाभर उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. कोल्हापूर त्यांच्याच कक्षेत येतं. फी नाही, वकील लागत नाही. अर्ज मात्र नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत. ग्राहक आयोगात केस सुरू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत, म्हणून क्रम आधी ठरवा. आयोगाची मुदत दोन वर्षं. तिथे फी क्लेमच्या रकमेवर नाही, भरलेल्या प्रीमियमवर ठरते. पाच लाखांपर्यंत शून्य. कंपनीचं मुख्यालय मुंबईत असलं तरी तुम्ही कोल्हापुरात राहता, एवढ्यावर जिल्हा आयोगात केस इथेच दाखल होते.