मागचा टायर कुठे झिजतो ते आधी बघा

नवा टायर घ्यायला निघायच्या आधी मोटारसायकल मेन स्टँडवर लावा आणि उतरणारा जुना टायर नीट बघा. 'ग्रिप चांगली हवी की किलोमीटर जास्त हवेत' याचं उत्तर त्यावर बहुतेक वेळा आधीच उमटलेलं असतं. मधोमध चपटा पट्टा पडलाय आणि दोन्ही कडांना बोटभर रबर नव्यासारखं आहे, तर ती गाडी मुख्यतः सरळ रस्त्यावर, एकसारख्या वेगानं धावते. तिला पूर्ण मऊ रबराचा स्पोर्ट टायर घातला तर मधला भाग बघता बघता संपेल आणि महाग रबर कडेला तसंच पडून राहील. कडेपर्यंत गोलाई शाबूत असेल आणि झीज सगळीकडे सारखी असेल, तर गाडी वळणावळणाच्या रस्त्यावर वापरली जाते. तिथे किलोमीटरच्या मोहात कडक टायर घेऊ नये.

कंपाउंड म्हणजे रबराचं मिश्रण. रबर रस्त्याला दोन प्रकारे पकडतं. एक म्हणजे ते प्रत्यक्ष चिकटतं. दुसरं म्हणजे डांबरातल्या खडीच्या टोकांवर दबून, त्यांच्याभोवती आकार बदलून ते अडकतं. रस्ता ओला झाला की चिकटण्याचा भाग बराच कमी होतो आणि भार दुसऱ्या प्रकारावर पडतो. रबर मऊ असेल तर दोन्ही कामं सोपी होतात, पण तेच मऊ रबर प्रत्येक घसटीत जास्त खरवडलंही जातं. झीज होते ती मुळात घसटीमुळे. ब्रेक लावताना, रेस देताना आणि वळताना टायर रस्त्यावर किंचित सरकत असतोच. हे सरकणं जितकं जास्त, खडी जितकी धारदार आणि टायर जितका तापलेला, तितका तो लवकर संपतो. म्हणून एकाच मॉडेलचे दोन टायर दोन चालकांकडे निम्म्या-दुपटीच्या फरकानं टिकतात, आणि त्यात दोष कुणाचाच नसतो.

'मऊ म्हणजे जास्त ग्रिप' हे अर्धसत्य आहे. प्रत्येक कंपाउंडचा कामाचा एक तापमान-पट्टा असतो. शर्यतीचे टायर ट्रॅकवर उतरायच्या आधी टायर वॉर्मरनं साधारण ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, ते याचसाठी. असा टायर रोजच्या दहा किलोमीटरच्या फेऱ्यांत त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही. थंड सकाळी, ओल्या रस्त्यावर तो चांगल्या स्पोर्ट-टूरिंग, म्हणजे ग्रिप आणि टिकाऊपणा यांचा मेळ घालणाऱ्या, टायरपेक्षा कमी पकडतो. शिवाय दर वेळी तापून गार होताना रबर थोडं थोडं कडक होत जातं, त्यामुळे नक्षी शिल्लक असतानाच त्याची मजा गेलेली असते. मिश्रणात काजळीच्या, म्हणजे कार्बन ब्लॅकच्या जोडीला सिलिका घातली की रबर कमी तापमानातही लवचीक राहतं, ओल्यात चांगलं पकडतं आणि सरळ चालताना कमी तापतं. ग्रिप आणि आयुष्य यांतला जुना झगडा पूर्ण मिटला नाही, पण बराच सौम्य झाला तो या सिलिकामुळे. पावसात गाडी चालवणार असाल तर माहितीपत्रकात सिलिकाचा उल्लेख आहे का, ते जरूर बघा.

दुसरा उपाय म्हणजे ड्युअल कंपाउंड: मधल्या पट्ट्यात टिकाऊ रबर, दोन्ही खांद्यांना मऊ. सरळ रस्ता आणि वळणं दोन्ही असलेल्या वापराला मागच्या चाकासाठी हाच पर्याय सर्वांत समंजस. एक मेख मात्र लक्षात ठेवा. एकदम कुणी आडवं आलं की ब्रेक लागतो तो बहुतेक गाडी सरळ असताना, म्हणजे मधल्या पट्ट्यावर, आणि थांबवण्याचं बहुतांश काम पुढचं चाक करतं. म्हणून काटकसर करायचीच असेल तर ती मागच्या टायरवर करा, पुढच्यावर कधीच नको. पुढचा तसाही मागच्यापेक्षा सावकाश झिजतो, कारण त्याला इंजिनाचा जोर वाहायचा नसतो. एकाच कंपनीचा पुढे जास्त पकडणारा आणि मागे जास्त टिकणारा, अशी जोडी कंपनीला मान्य असेल तर खुशाल लावा. पुढे कडक आणि मागे मऊ हे मात्र टाळा. वळणात पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळ मिळत नाही.

किती टिकेल याचा तुलनेचा आकडा टायरवर शोधू नका. मोटारींच्या टायरवर 'ट्रेडवेअर'चा आकडा छापलेला असतो, मोटारसायकलच्या टायरला ती पद्धत लागू नाही. ढोबळ अंदाज असा: ताकदवान गाडीवर मऊ स्पोर्ट टायर मागच्या चाकाला ४ ते ८ हजार किलोमीटर, स्पोर्ट-टूरिंग १० ते १५ हजार, आणि लहान इंजिनाच्या रोजच्या गाडीचा बायस-प्लाय (आतल्या दोऱ्यांचे थर तिरके असलेला) टायर २० हजारांच्या पुढेही जातो. कच्च्या रस्त्यासाठीचे मोठ्या गोट्यांचे नॉबी टायर डांबरावर सगळ्यांत लवकर संपतात. त्यांच्या उंच गोट्या डांबरावर वाकतात, तापतात आणि एका बाजूनं झिजतात. वर्षातून दोनदा मातीत उतरणाऱ्यानं बारा महिने नॉबी चालवण्यात काही हशील नाही. ९० टक्के डांबर आणि १० टक्के माती अशा वापराचे टायर मिळतात, ते पुरतात.

नक्षीबद्दलचा एक गैरसमजही इथेच काढून टाकू. खाचा पाणी बाहेर फेकण्यासाठी असतात. कोरड्या रस्त्यावर पकड देतं ते खाचांच्या मधलं रबर. दाट, खोल नक्षीचा टायर कोरड्यात जास्त पकडतो असं नाही, आणि मधोमध सलग पट्टी असलेला टायर सरळ रस्त्यावर सहसा सावकाश झिजतो.

आता साइडवॉलवरची, म्हणजे टायरच्या बाजूवरची, अक्षरं. १४०/७० आर १७ एम/सी ६६ एच असं लिहिलं असेल तर १४० मिलिमीटर रुंदी, उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, 'आर' म्हणजे रेडियल (आतल्या दोऱ्या एका कडेपासून दुसरीपर्यंत सरळ गेलेला), १७ इंची रिम आणि एम/सी म्हणजे मोटारसायकलसाठी. 'आर'च्या जागी नुसती आडवी रेघ असेल तर बायस-प्लाय. ६६ हा भाराचा निर्देशांक, म्हणजे ३०० किलो. ५४ म्हणजे २१२ किलो आणि ७३ म्हणजे ३६५ किलो. शेवटचं अक्षर वेगाची कमाल मर्यादा सांगतं: पी १५०, एस १८०, एच २१०, व्ही २४० किलोमीटर ताशी. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या भारापेक्षा किंवा वेगापेक्षा खालचा टायर घेऊ नका, मग गाडी शंभरच्या वर जात नसली तरी. डबलसीट आणि सामान लादून चालणाऱ्या गाडीत भाराचा निर्देशांक कमी पडला तर टायर आतून तापतो, आणि मग ग्रिप काय अन् आयुष्य काय, दोन्ही गेलं. एका चाकाला रेडियल आणि दुसऱ्याला बायस ही सरमिसळ गाडीच्या कंपनीनंच तशी दिली असेल तरच चालते.

'एक साइज मोठा टाका, ग्रिप वाढेल' हा सल्ला सर्रास मिळतो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. सरळ चालताना टेकणारा भाग वाढण्याऐवजी कमी होऊ शकतो, मधला पट्टा लवकर झिजतो आणि गाडी वळायला जड वाटते. उंचीही बदलते. १३०/७०-१७ चा व्यास सुमारे ६१४ मिलिमीटर भरतो, १४०/७०-१७ चा ६२८. म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त फरक: तेवढा स्पीडोमीटर चुकतो, गिअर तेवढे लांब होतात, आणि चेन कव्हर किंवा मडगार्डला टायर घासण्याची शक्यता राहते ती वेगळीच. प्रत्येक साइजला चालणाऱ्या रिमच्या रुंदीची मर्यादा कंपनी देते. उदाहरणार्थ १६०/६०-१७ साठी ती ४ ते ५ इंच, प्रमाण रिम साडेचार. रिमची रुंदी रिमवरच कोरलेली असते.

दुकानात पैसे देण्याआधी तारीख वाचा. 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पूर्ण तारीख बऱ्याचदा एकाच बाजूला असते, तेव्हा टायर उलटवून बघायला लाजू नका. सावलीत नीट ठेवलेला वर्षभराचा टायर घ्यायला हरकत नाही. चार-पाच वर्षं पडून असलेला कितीही स्वस्त मिळाला तरी नको. ऊन, ओझोन आणि हवेतला ऑक्सिजन रबर कडक करतात. त्यापासून वाचवायला मिश्रणात मेणासारखे घटक असतात, आणि टायर फिरत-दबत राहिला तरच ते पृष्ठभागावर येत राहतात. कमी चालवलेल्या गाडीच्या टायरला नक्षी भरपूर आणि साइडवॉलला बारीक भेगा, असं दिसतं ते यामुळेच. वर्षाला तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला २० हजार टिकणारा टायर घेऊन काही मिळत नाही. तो झिजण्याआधी म्हातारा होतो. अशा गाडीला निर्धास्तपणे जास्त ग्रिपचा टायर घ्या. पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांचा झाला की दिसायला कसाही असला तरी उतरवावा.

टायर कोणताही निवडा, त्याचं आयुष्य हवेवर ठरतं. हवा कमी असली की साइडवॉल जास्त वाकते, टायर तापतो, पुढच्या टायरच्या गोट्यांना खालीवर लाटा पडतात आणि हँडल थरथरायला लागतं. जास्त असली की टेकणारा भाग आक्रसतो आणि मधोमध झीज वाढते. प्रमाण आकडा चेन कव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला 'मॅक्स' आकडा ही टायरची कमाल मर्यादा, तेवढी हवा भरायची नसते. मोजायचं ते टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. तापमान १० अंशांनी उतरलं की हवेचा दाब सुमारे दीड पीएसआयनं उतरतो, तेव्हा ऋतू पालटला की पुन्हा मोजा. थंड असताना ३३ भरलेली हवा अर्धा तास गाडी चालवल्यानंतर ३६-३७ दाखवेल, ते ठीक. तीच चाळीशीला गेली तर टायर गरजेपेक्षा जास्त तापतोय: मुळात हवा कमी होती किंवा ओझं जास्त आहे. गरम टायरमधली 'वाढलेली' हवा सोडून देणं ही सगळ्यांत वाईट दुरुस्ती. स्वतःचा एक बरा गेज ठेवा, पंपावरचे मीटर एकमेकांशी जुळतातच असं नाही.

बसवताना चार गोष्टी डोळ्यांसमोर करून घ्या. दिशेचा बाण चाक फिरतं त्याच दिशेला हवा. पुढच्या टायरवर मुख्य जोर ब्रेकचा आणि मागच्यावर इंजिनाचा, म्हणजे परस्परविरुद्ध, आणि रबराच्या पट्टीचा तिरका सांधा व नक्षी त्या हिशेबानं केलेली असते. रंगीत ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हपाशी यावा, कारण तिथे टायर सर्वांत हलका असतो. रिमच्या कडेलगत टायरवर जी बारीक गोल रेघ असते ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसायला हवी. एका बाजूला ती बुडाली असेल तर बीड, म्हणजे टायरची रिममध्ये बसणारी कड, नीट बसलेला नाही: हवा सोडून, साबणाचं पाणी लावून पुन्हा. ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्ह नवा टाका आणि चाक बॅलन्स करून घ्या. पहिले दीड-दोनशे किलोमीटर नव्या रबराचा गुळगुळीत थर जाईपर्यंत जोरात ब्रेक, जोरात रेस आणि खोल झुकणं टाळा. टायर चमकवायचं सिलिकॉनचं पॉलिश नक्षीवर कधीही नको. चेनला लावलेला ल्यूबही मागच्या टायरच्या कडेवर उडतो, तो पहिल्या वळणाआधी पुसायला हवा.

पंक्चर नक्षीच्या मधल्या भागात असेल आणि भोक ६ मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर टायर उतरवून आतून मशरूम प्लग बसवता येतो. बाहेरून ठोकलेली दोरी घरी पोहोचण्यापुरती. साइडवॉलला भोक पडलं तर टायर गेला.

उतरवायचा कधी, हे नुसतं झीज-खुणेवर सोडू नका. खाचेच्या तळाशी असलेला उंचवटा रबराशी समतल झाला की टायर संपलाच, आणि कायद्याची मर्यादा देशोदेशी वेगळी आहे. पण मागचा टायर मधोमध चपटा होऊन चौकोनी झाला की त्या खुणेच्या आधीच गाडी सांगायला लागते: वळायला आधी नकार देते आणि मग कडेवरून एकदम पडल्यासारखी झुकते. खोली मोजायचा साधा गेज घ्या आणि टायर नवा असतानाच मधल्या व कडेच्या खाचांची खोली लिहून ठेवा. समजा मध्ये ७ मिलिमीटर होती आणि ३ हजार किलोमीटरनंतर ५.८ राहिली, तर झीज १.२ झाली. २ मिलिमीटरला उतरवायचा ठरवलं तर ३.८ शिल्लक, म्हणजे याच चालीनं आणखी साधारण साडेनऊ हजार. मधला आकडा कडेच्या मानानं फार भरभर उतरत असेल तर आधी हवा तपासा, आणि ती बरोबर निघाली तर पुढच्या वेळी मध्ये कडक रबर असलेला टायर घ्या.