कातळसड्याची वनस्पतिसूची : तिसरा पावसाळा आणि पंधरा नावांची घट

रत्नागिरी जिल्ह्यातील एका कातळसड्यावरील (जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावरील) रानवनस्पतींची सूची करण्याचे माझे हे तिसरे वर्ष आहे. गेल्या वर्षअखेरीस सूचीत १८६ जाती होत्या आणि आज १७१ आहेत. यंदा १६ जातींची नव्याने भर पडली, मात्र जुन्या नोंदी एकेक करून पुन्हा तपासताना ३१ नावे काढावी लागली. त्यांपैकी ९ नावे दुबार निघाली, ८ नावांना छायाचित्र किंवा नमुना असा कोणताच पुरावा नव्हता आणि उरलेल्या १४ वनस्पतींची ओळख प्रजातीच्या पुढे जात नसल्याने त्यांची वेगळी यादी केली. (वर्तमानपत्रे 'प्रजाती' हा शब्द सरसकट वापरतात. येथे प्रजाती म्हणजे शास्त्रीय नावातील पहिला शब्द ज्या गटाचा असतो तो गट, आणि जाती म्हणजे त्या गटातील एकेक सदस्य.)

दुबार नोंदींचे मूळ बहुतेक ठिकाणी एकच होते, ते म्हणजे एकाच वनस्पतीला दोन वेगवेगळ्या अवस्थांत भेटणे. सड्याच्या कडेच्या झाडोऱ्यात पहिल्या पावसानंतर नर्व्हिलिया या आमरीचा (ऑर्किडचा) दांडा वर येतो, त्या वेळी तिला एकही पान नसते. फूल सुकून गेल्यावर जमिनीलगत हृदयाकृती एकच पान येते आणि पावसाळाभर टिकते. मी जूनमध्ये फुलाची नोंद केली होती आणि ऑगस्टमध्ये त्याच जागेवरील पानाला 'अनोळखी कंद' म्हणून वेगळा क्रमांक दिला होता. रानकांद्याचा घोळ तर निव्वळ कागदावरचा होता. थिओडोर कूक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात तो 'अर्जिनिया इंडिका' आहे, तर आजच्या सूच्यांमध्ये 'ड्रिमिया इंडिका' आहे, आणि माझ्या वहीत तो दोन्ही नावांनी सुखाने नांदत होता. कूक यांच्या कोशाला आजही पर्याय नाही, असे माझे मत आहे, कारण त्यांची वर्णने हातातल्या रोपाशी ताडून पाहता येतात. मात्र त्यातील प्रत्येक नाव आजच्या नावाशी जुळवून घेतल्याशिवाय सूचीत घालू नये.

यंदाचा सर्वाधिक वेळ गेंदाने खाल्ला. एरिओकॉलॉन प्रजातीतील सगळ्याच जातींना आपण गेंद म्हणतो, आणि ऑगस्टअखेर पाणथळ कातळावर पांढऱ्या गुंड्या शिवल्यासारखे ते दिसू लागले की छायाचित्र घेऊन नाव लिहून टाकण्याचा मोह कोणालाही होईल. मी गेल्या वर्षी त्यांच्या सात जाती लिहिल्या होत्या, त्याही दांड्याची उंची आणि गुंडीचा आकार एवढ्यावर. यंदा एक गुंडी कोमट पाण्यात भिजवली, काचपट्टीवर ठेवून दोन सुयांनी उलगडली आणि वीसपट भिंगाखाली पाहिली, तेव्हा माझी चूक लक्षात आली. ती गुंडी म्हणजे एक फूल नसून अनेक सूक्ष्म फुलांचा गुच्छ असतो आणि त्यात नरफुले व मादीफुले एकत्रच असतात. ओळख पटवताना पाहावे लागते ते असे : गुच्छाच्या तळाशी असलेल्या छदांचा (फुलाखालच्या पानासारख्या भागांचा) आकार, फुले ज्या बैठकीवर बसलेली असतात ती केसाळ आहे की गुळगुळीत, परागकोश काळे आहेत की पांढरट, मादीफुलाची निदले (पाकळ्यांबाहेरची दले) दोन आहेत की तीन आणि त्यांच्या पाठीवर पंखासारखी कड आहे की नाही. एवढे करूनही काही जातींचा निर्णय बियांच्या पृष्ठभागावरील नक्षीवर येऊन ठेपतो, आणि पक्व बी मिळते ते रोप पिवळे पडू लागल्यावर, म्हणजे बघ्यांची आणि कॅमेऱ्यांची वर्दळ सड्यावरून ओसरल्यानंतर. सातांपैकी तीन नावांवर मी ठाम आहे आणि उरलेली चार वेगळ्या यादीत गेली आहेत.

केन्याने तेवढा छळ केला नाही. फुलाला वेढणारा छद तळाशी नरसाळ्यासारखा जुळलेला असेल आणि पानाच्या आवरणाच्या तोंडाशी तांबूस केस असतील, तर तो भाजीचा केना समजावा. या केन्याला जमिनीखालीही न उमलणारी फुले येतात आणि त्यांतून बी धरते, हे मी यंदा एक रोप मुळासकट उपटल्यावर प्रथमच पाहिले.

नव्या १६ जातींपैकी बऱ्याच जाती मिळाल्या त्या वेळापत्रक बदलल्यामुळे. पूर्वी मी जुलै ते सप्टेंबर एवढेच जात असे. यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यातच गेलो, म्हणून कोकणच्या सड्यांखेरीज फारशी कोठे न आढळणारी पांढरी दीपकाडी फुलावर सापडली. भुईगेंद (वरच्या गेंदाशी याचा फक्त नावापुरता संबंध) मात्र सडा करपल्यावर, जानेवारीत, जमिनीला चिकटून फुललेला दिसला. दुसरा बदल म्हणजे प्रत्येक नोंदीसोबत मातीची खोली लिहिणे. त्यासाठी स्वेटर विणण्याच्या सुईवर अर्ध्या सेंटिमीटरच्या खुणा केल्या आहेत. एकाच चौरस मीटरमध्ये उघडा कातळ, दोन सेंटिमीटर मातीवरची सीतेची आसवे आणि दहा सेंटिमीटर मातीवरचे गवत असा क्रम दिसू लागला, की पुढच्या चौकटीत (नोंदींसाठी आखलेल्या तुकड्यात) काय शोधायचे याचा अंदाज येतो.

नमुने मी जमीनमालकांना विचारून आणि केवळ विपुल असलेल्या जातींचेच घेतो. आमरी आणि कंदीलपुष्पे यांची फक्त छायाचित्रे काढतो आणि त्यांचे अक्षांश-रेखांश कोठेही देत नाही, त्यामुळे सड्याचे नावही येथे लिहिलेले नाही. पावसाळी हवेत नमुने दाबून ठेवलेल्या वर्तमानपत्राच्या घड्या पहिले चार दिवस रोज बदलल्या नाहीत तर बुरशी ठरलेलीच असते, आणि याच कारणाने माझे तेरड्याचे पाच नमुने वाया गेले. सीतेची आसवे ही इतकी नाजूक असतात की दाबताना त्यांचा गोळा होतो. ती ताटलीतल्या पाण्यात तरंगवून खालून कागद सरकवत उचलली, तर पाकळ्या आणि दोऱ्यासारखे तंतू उलगडलेलेच राहतात.

चौकट क्रमांक ६ यापुढे नोंदींत दिसणार नाही. तेथील कातळ फोडून कलमांसाठी माती टाकली आहे. सातबाऱ्यावर ती जागा पोटखराबा (लागवडीस अयोग्य जमीन) आहे, त्यामुळे मालकाने काही गैर केले असे म्हणता येत नाही, पण सोनेरी कवल्याचा सर्वांत दाट पट्टा तेथे होता आणि त्याच्या निदलांवरील शिरा समांतर आहेत की जाळीदार, हे पाहायचे माझ्याकडून राहून गेले होते. आता हातात फक्त वरून काढलेली दोन छायाचित्रे आहेत. त्यामुळे ही नोंदही चौदांच्या यादीतच राहील.

गेंदाच्या उरलेल्या चार जातींच्या जागी मी रंगीत दोरा बांधलेले खिळे कातळाच्या भेगांत रोवून ठेवले आहेत. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दर आठवड्याला जाऊन बी पक्व झाले का ते पाहायचे आहे. रिकाम्या काडेपेट्यांवर क्रमांक घालून झाले आहेत.