भिजत घोंगडं म्हणजे नुसतं पुढे ढकलणं नव्हे

रविवारची सहल पुढच्या रविवारवर गेली, की कोणीतरी म्हणतंच, "झालं, पडलं भिजत घोंगडं!" हा वापर जरा ढिला आहे. नवी तारीख ठरली असेल तर बेत फक्त लांबणीवर पडला. घोंगडं भिजत पडतं तेव्हा तारीख नसते आणि सरळ नकारही नसतो.

हे चित्र नीट कळायला घोंगडीच समजून घ्यावी लागते. दख्खनी मेंढीची लोकर कातरून, पिंजून सूत काढतात. घोंगड्या विणणारे सणगर ते मागावर चढवण्याआधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्यांची खळ देतात, म्हणजे सूत ताठ राहतं, विणताना तुटत नाही. तयार घोंगडी साधारण ९ फूट लांब आणि ४ फूट रुंद.

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, म्हणून पहिली सर वरच्या वर ओघळून जाते. धनगर पावसात डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतात ती याच भरवशावर. पण तंतूचा गाभा ओल ओढून घेतो. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेऊनही लोकर हाताला फारशी ओली लागत नाही. त्यानंतर धाग्यांमधल्या फटी पाण्याने भरतात आणि तीच घोंगडी उचलताना दम लागतो.

आता करायचं काय? पिळावी, तर ओल्या लोकरीत ताकद कमी, वीण ओढली जाते. गरम पाण्यात चोळावी, तर खवले एकमेकांत अडकून ती आटते. दोरीवर टाकावी, तर स्वतःच्या भाराने लोंबते, आकार जातो. तशीच ठेवावी, तर खळ सुटून चिकट होते आणि कुबट वास सुटतो. गुंडाळी करून दाबत पाणी काढायचं, मग सपाट जागी ऊन-वाऱ्यावर पसरून अधूनमधून उलटायची, हाच धड उपाय. काम अवघड नाही, पण वेळखाऊ. त्यामुळे जो तो दुसऱ्याकडे बघतो.

वर्तमानपत्रांतलं ठरलेलं उदाहरण म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६६ मध्ये नेमलेला महाजन आयोग, १९६७ चा त्याचा अहवाल, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा. प्रश्न कोणी सोडलेला नाही, सुटलेलाही नाही. हे अस्सल भिजत घोंगडं.

याउलट 'योजना बासनात गुंडाळली' म्हटलं, की विषय आटोपला. बासन म्हणजे पोथ्या-दप्तरं बांधायचं फडकं. बांधलेलं बासन कोरडं असतं, फळीवर निमूट पडून राहतं, कोणाला अडचण होत नाही. म्हणूनच रद्द केलेल्या योजनेला घोंगडं म्हणणं मला खटकतं.

क्रियापदही जपून निवडावं. घोंगडं भिजत 'ठेवलं' म्हटलं की ठेवणारा कोण, हा प्रश्न आलाच. 'पडलं' म्हटलं की कोणाचंच नाव नाही. सोसायटीच्या सभेत लिफ्टचा विषय निघाला, तर सभासद 'ठेवलंत' म्हणतात आणि सेक्रेटरी 'पडलंय' म्हणतात.