भिंतीला फोम लावू का?

इंग्लंडमधल्या साउदम्प्टनला मी ध्वनिशास्त्रात एमएससी करतेय हे कळल्यापासून दादरहून दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "म्हणजे तू डीजे होणार का गं?" तो मी सोडून देते. दुसऱ्यात मात्र माझं अर्धं पहिलं सत्र मावतं: "शेजारचा टीव्ही ऐकू येतो, भिंतीला फोम लावू का?"

काका, नका लावू. फोम तुमच्या खोलीतला घुमारा शोषतो, पलीकडचा आवाज अडवत नाही. अडवायला वजन लागतं आणि फटी बुजवाव्या लागतात. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर कागदावर जेमतेम ६ डेसिबल पदरात पडतात. दाराखाली बोटभर फट राहिली की तेही गेले. भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.

शोषणाचं गणित मांडलं वॉलेस सबाइन यांनी. १८९५च्या सुमारास हार्वर्डच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कुणाला कळेना. या तरुण प्राध्यापकाने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या बैठकांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. ऑर्गनची नळी वाजवायची, बंद करायची, आवाज विरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि सकाळच्या आत गाद्या परत! त्यातून सूत्र निघालं: आवाज विरायला लागणारे सेकंद म्हणजे खोलीचं घनफळ भागिले एकूण शोषण, गुणिले ०.१६१ (मापं मीटरमध्ये). आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये हळदीकुंकवाला कुणाचं काही कळत नाही त्याचं कारण हेच. फरशी, काच, पीओपी. शोषणारं काहीच नाही. मग माइक वाढवतात, आणि गोंगाट आणखी वाढतो. तिथे फोम जरूर लावा, जाड पडदेही चालतील.

"पण नोकरी मिळते का?" हा आईचा प्रश्न. मिळते. श्रवणयंत्रं, आवाजाने पाण्याखालचा वेध घेणारी सोनार यंत्रणा, गाड्यांची घरघर, सगळीकडे आमची माणसं लागतात. मला ओढ इमारतींची. इंग्लंडमध्ये नव्या फ्लॅटमधली भिंत शेजारचा आवाज किमान ४५ डेसिबलने अडवते का, हे बिल्डरला ताबा देण्याआधी मोजून दाखवावं लागतं, नाहीतर आधीच मान्य झालेल्या पद्धतीने बांधावं लागतं. आपल्याकडे ध्वनिप्रदूषण म्हटलं की चर्चा लाउडस्पीकरची. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २०००च्या नियमांत आहेच. पण कोटभर रुपये मोजताना पार्किंग, वास्तू, नळाचं पाणी सगळं विचारतात; भिंत कशाची आणि किती जाड, हे कोण विचारतं?

दादाचं परळला घर घ्यायचं चाललंय. त्याला सांगितलंय, ताबा घेण्याआधी एकाला शेजारच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये मोबाइलवर गाणी लावून उभं कर आणि तू इकडे बेडरूमचं दार लावून बस.