राडा ओढायला कुठली गाडी? तुम्ही विचारलंत म्हणून

पावसाळा सरत आला की हा प्रश्न येतोच, आणि हल्ली तो व्हिडिओसकट येतो. कॅनडात किंवा अमेरिकेत असलेल्या पोराने पिकअपला पातं लावून घरापुढचा बर्फ कसा सरकवला, ते त्यात असतं. पाठोपाठ विचारणा: असलंच पातं आपल्या पिकअपला बसवलं तर अंगणातला, गोठ्यापुढचा, पाणंदीतला राडा, म्हणजे चिखल-गाळ, निघेल का? नसेल निघत, तर कुठली गाडी घ्यावी?

पिकअपचं आधी निकालात काढू. नाही निघणार. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला 100 किलोच्या आसपास भरतो, ओला होऊन बसलेला 300-400. आपला ओला चिखल 1,700-1,800. पाच फुटी पात्यापुढे सव्वा फूट उंचीचा ढीग जमला तर चिखलाचं वजन 200 किलोच्या घरात जातं. तेवढाच ताजा बर्फ 11-12 किलो.

आणि एवढ्या हलक्या मालासाठीसुद्धा तिकडचे लोक गाडी निवडताना पुढचा धुरा आधी बघतात. मोठ्या पिकअपचं पातं चौकटीसकट 300 किलोच्या आसपास असतं. ते पुढे लोंबकळतं म्हणून पुढच्या स्प्रिंगा जाड घेतात, चारही चाकांना ओढ असलेलीच गाडी घेतात आणि मागच्या चाकांच्याही मागे वाळूची पोती टाकतात. आपल्याकडच्या बहुतेक पिकअपना ओढ फक्त मागच्या चाकांना, आणि रिकाम्या गाडीची मागची बाजू हलकी. पुढे पातं टांगलं की ती आणखी हलकी होते. मग चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी स्वतःच खड्डा करून त्यात बसते.

तेव्हा ट्रॅक्टर. पण विचारणारा लगेच 'किती एचपीचा?' म्हणतो, तिथे थोडं थांबा. पातं ओढायला एचपी कमी पडत नाही, चाकांची पकड कमी पडते. पकड येते वजनातून. ओल्या निसरड्या जमिनीवर ट्रॅक्टर स्वतःच्या वजनाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढा जोर लावू शकतो, इंजिन कितीही मोठं असो. 18 एचपीचा छोटा ट्रॅक्टर 800 किलोच्या आसपास, 25-27 एचपीचा फोर व्हील (चारही चाकांना ओढ असलेला) टन-सव्वा टनाच्या आत, 45 एचपीचा दोन टनांच्या आसपास. निवड या आकड्यांतून आणि दुसऱ्या एका मापातून करायची. ते माप म्हणजे तुमच्या फाटकाची रुंदी.

पात्याचं माप असं घ्या. मागच्या दोन टायरांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा. पातं तिरकं लावल्याशिवाय चिखल कडेला जात नाही, आणि 30 अंश तिरकं केलं की ते रुंदीला सातवा हिस्सा कमी भरतं. पाच फुटी पातं मग सव्वाचार फूट आणि वर थोडंच झाडतं. साडेतीन फूट रुंदीच्या छोट्या ट्रॅक्टरला ते पुरतं. 45 एचपीच्या ट्रॅक्टरची टायरं पावणेसहा फूट धरली तर त्याला सात फुटीच हवं. सहा फुटी लावलं तर तिरकं केल्यावर टायरांपेक्षा आतच राहतं. टायर न झाडलेल्या चिखलात चालतं, तो दाबून घट्ट करतं आणि पुढच्या फेरीत पातं त्याच्यावरून घसरतं. हे सर्रास दिसतं, आणि शिव्या मात्र पातं करणाऱ्याला बसतात.

बेळगाव-शहापूरच्या जुन्या गल्ल्यांत, परड्याकडे जाणाऱ्या बोळात आठ फुटांची वाट असेल तर 25-27 एचपीचा फोर व्हील छोटा ट्रॅक्टर घ्या. शेत आहे, उसाची ट्रॉलीही ओढायची आहे, पाणंद दहा फुटांची आहे, तर 40-45 एचपीचा. टू व्हीलही चालतो, पण मागच्या टायरांत पाणी भरून घ्या: व्हॉल्व्ह वरच्या बाजूला आणून पाऊण टायर, पूर्ण नाही. पॉवर टिलरला पुढे फळी लावणारेही भेटतात. त्याचं वजन बैलाएवढं, म्हणजे काम केणीएवढंच, बैलाने ओढायच्या माती सारण्याच्या फळीएवढं. आणि जेसीबी? ढीग उचलून डंपरमध्ये टाकायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण साडेसात टनांचं धूड अंगणात आलं की पेव्हर खचतात आणि सेप्टिक टँकचं झाकण आत जातं.

पातं पुढे की मागे? मागचं लावा. थ्री पॉइंटला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या तीन सांध्यांच्या जोडणीला बसतं, पिना काढल्या की सुटतं. छोट्या ट्रॅक्टरच्या खालच्या पिना 22 मिलिमीटरच्या, मोठ्यांच्या 28च्या, तेवढं पातं करणाऱ्याला आधी सांगा. पुढचं पातं दिसायला झोकदार, ढीगही समोर दिसतो. पण ट्रॅक्टरला लॉरीसारखी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअर बॉक्स एकमेकांना बोल्टने जोडून तोच सांगाडा झालेला असतो. पुढच्या बंपर ब्रॅकेटला पातं जोडून दगडाला धडक दिली की धक्का थेट त्या जोडांत जातो. आधी इंजिन आणि हाउसिंगच्या सांध्यावर तेलाची ओल दिसते, मग बोल्ट सैल होतात, शेवटी बीड तडकतं. पुढचं हवंच असेल तर दोन्ही बाजूंनी चॅनेल मागच्या धुऱ्याच्या हाउसिंगपर्यंत नेऊन चौकट करा. शिवाय मागची लिफ्ट पातं फक्त उचलते, ते खाली येतं स्वतःच्या वजनाने. ट्रॉलीच्या टिपिंगचा पाइपही तसाच एकेरी. पुढच्या पात्याला वर-खाली दोन्हीकडे जोर लावणारा सिलिंडर आणि त्याचा वेगळा व्हॉल्व्ह लागतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हे काम होतं, पण ट्रॅक्टर तिथे नेऊन समोर मापं घेतलेली बरी.

पातं आठ मिलिमीटर पत्र्याचं, खालची धार वेगळी आणि बोल्टची: सहा इंच रुंद, 16 मिलिमीटर जाड. वेल्डिंग केलेली धार झिजल्यावर बदलायची कशी? रस्त्याच्या कामातल्या ग्रेडरची जुनी धार कापून लावली तर वर्षानुवर्षं जाते. शहाबादी फरशी किंवा पेव्हरवर मात्र लोखंड लावू नका. कन्व्हेयर बेल्टची पट्टी धारेखाली दोन इंच बाहेर ठेवून बोल्टने आवळा.

चालवताना पातं पोझिशन लिव्हरवर ठेवा, म्हणजे ते ठरवलेल्या उंचीवरच राहतं. ड्राफ्ट लिव्हरवर राहिलं तर भार वाढला की आपोआप उचलतं, उतरला की दबतं, आणि अंगणात लाटा उठतात. लिफ्टच्या दोन्ही बाजूंच्या साखळ्या आवळा, नाहीतर पातं झुलून भिंतीला लागतं. फोर व्हील फक्त चिखलात टाका. कोरड्या काँक्रीटवर तसंच वळवलं की पुढच्या गिअरांवर ताण येतो.

गाडीएवढंच महत्त्व वेळेला. खानापूरकडची तांबडी माती पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी ओढता येते, तिच्यात गोटे असतात म्हणून वेग माणसाच्या चालीचा. चिकोडी, रायबाग, अथणीकडची काळी माती मात्र ओली असताना पात्याला आणि टायरांना लपेटून बसते. मातीच्या अंगणात वाफसा येईपर्यंत थांबाच. घट्ट फरशीवरचं उलटं आहे. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेच्या पुरानंतर घराघरांत जो गाळ बसला, तसला गाळ फरशीवर दह्यासारखा असतानाच ओढायचा. वाळला की ढलप्या धरतात, आणि मग पहारीशिवाय सुटत नाही.

बर्फवाल्यांची एक रीत मात्र जशीच्या तशी घेण्यासारखी आहे. हिवाळ्याआधी ते वाटेच्या दोन्ही कडांना काठ्या रोवून ठेवतात, कारण नंतर काहीच दिसत नाही. तुम्ही मृगाआधी तेच करा. सेप्टिक टँकचं झाकण, गटाराचे चेंबर, नळाचा कॉक, बोअरच्या मोटारीची केबल, ठिबकची मेन लाइन, प्रत्येकाजवळ चार फुटी बांबू आणि टोकाला लाल रंग. पातं त्यापासून हातभर लांब उचलायचं. उरलेला राडा फावड्याने.