खरी कॉर्नरचा कॅमेरा आणि मोरेवाडीतला दगड

महालक्ष्मी एक्स्प्रेस कोल्हापुरात शिरली तेव्हा वर्षा फलाटावर उभीच होती. स्नेहल, मुग्धा आणि मी ठाण्याहून आलो होतो, आणि हातात एकच दिवस होता. "आधी अंबाबाई, मग पोटपूजा, मग सिनेमा," वर्षानं रिक्षात बसायच्या आधीच सांगून टाकलं.

अंबाबाईच्या दर्शनाला सकाळी सकाळी गेल्यामुळे रांग फार नव्हती. देवी पश्चिमेकडे तोंड करून आहे. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं थेट गाभाऱ्यात येतात, तो किरणोत्सव. आम्ही त्या दिवसांत नव्हतो, पण वर्षानं किरणं कुठून येतात ते उलट्या दिशेनं चालत दाखवलं. प्रदक्षिणेच्या वाटेवर काळ्या दगडातल्या मूर्तींसमोर मी बराच वेळ रेंगाळले. एकेका मूर्तीच्या बोटातली अंगठीसुद्धा घडवलेली आहे.

न्यू पॅलेस मी दोन ओळींत आटोपते, कारण त्याच्याबद्दल पुष्कळांनी लिहिलंय. मेजर मँटनं आराखडा केलेला, १८८४ साली पूर्ण झालेला हा राजवाडा आणि त्यातलं शाहू महाराजांच्या आठवणींचं दालन बघण्यासारखंच आहे. पण माझं मन खरी कॉर्नरला लागलं होतं.

खरी कॉर्नर म्हणजे शहरातला अगदी रोजच्या वर्दळीचा चौक. तिथे सिनेमाच्या कॅमेऱ्याचं स्मारक उभं आहे. शेजारून गाड्या जातायत, माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन चाललीयत, आणि मध्ये हा कॅमेरा. मराठी सिनेमाचा पाळणा इथे हलत होता, हे त्या गर्दीत उभं राहून आठवलं आणि अंगावर काटा आला.

असा कॅमेरा इथेच स्वतः घडवणारे बाबूराव पेंटर हे मूळचे बाबूराव मेस्त्री. सुतारकाम, शिल्पकाम, चित्रकला हे सगळं घरातलंच. ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. सिनेमाचं वेड लागलं, पण कॅमेरा आणायचा कुठून? मग स्वतःच करायचा ठरवला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी हात थांबवला नाही. सहकारी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन त्यांनी १९१८ साली तो कॅमेरा पुरा केला. त्याच कॅमेऱ्यावर 'महाराष्ट्र फिल्म कंपनी'चा 'सैरंध्री' उतरला, १९२० साली. रंगवलेल्या पडद्यापुढे नट उभे करण्याऐवजी लांबी, रुंदी, खोली असलेले खरेखुरे सेट उभारण्याचं श्रेय याच माणसाकडे जातं. दामले, फत्तेलाल, शांताराम ही सगळी मंडळी त्यांच्याच हाताखाली शिकली, आणि १९२९ मध्ये 'प्रभात' फिल्म कंपनी काढली तीसुद्धा इथेच. पुण्याला ती गेली नंतर, १९३३ साली. 'प्रभात' म्हटलं की आपल्याला पुणंच आठवतं, ही कोल्हापूरकरांची खंत अगदी रास्त आहे.

खासबागेत कुस्तीचं मैदान बघितलं. त्याला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री वर्षाचे वडील इथे येऊन नुसते उभे राहिले होते. ती एवढंच बोलली, आणि मग आम्ही बराच वेळ गप्पच होतो.

दुपारी घरी काकूंनी तांबडा-पांढरा रस्सा केला होता. पांढऱ्या रश्श्याची तिसरी वाटी संपेपर्यंत कुणी वर बघितलं नाही. मग निघालो मोरेवाडीला, चित्रनगरीत.

वर्षाचे मामा सेटचं काम करतात, त्यांनी आधीच परवानगी काढून ठेवली होती. माळावर ऊन चांगलंच तापलेलं. एका बाजूला वाडा, पुढे रस्ता आणि कडेला एक अर्धवट बांधलेलं देऊळ. देवळाचा दगड पार झिजलेला, खांबाच्या तळाशी पाण्याची ओल धरल्यासारखा हिरवट डाग.

"हात लावून बघा की," मामा म्हणाले.

मी बोटांनी टकटक केलं. पोकळ आवाज आला. आत लाकडी चौकट, तिच्यावर प्लाय, वर थर्माकोल आणि प्लास्टर.

"दगुड न्हाई ओ ह्यो," मामा समजावायला लागले. "आदी काळपट रंग मारायचा. त्यो वाळला की वरनं फिका, पर ब्रशनं न्हाई, स्पंजनं. टिपत जायचं. देवळात कोपरा कुठं झिजतो? माणसाचा हात जिथं लागतो तितं. मग तितंच गुळगुळीत करायचं."

मी खांबाकडे पुन्हा बघितलं. खरंच, कमरेच्या उंचीवर एक कड हाताळून हाताळून चकचकीत झाल्यासारखी होती. त्यासाठी मामा सकाळी अंबाबाईच्या देवळात जाऊन खांब बघून आले होते. मालिकेत हा खांब दिसेल तो नटाच्या पाठीमागे, तोही पुसट. तरी ती कड त्यांनी सोडली नव्हती. मला खरी कॉर्नरचा कॅमेरा आठवला, आणि सकाळची ती दगडातली अंगठी.

वाड्यात शूटिंग चालू होतं, त्यामुळे लांबूनच बघितलं. एकच वाक्य पाचदा झालं. मुग्धाला ते पाठ झालं. येताना जयप्रभा स्टुडिओवरून रिक्षा घेतली. भालजी पेंढारकरांचा हा स्टुडिओ १९४८ साली जाळला गेला, आणि त्यांनी तो पुन्हा उभा केला. रिक्षा हळू करायला सांगितली, एवढंच जमलं.

संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, वर बोटभर फेस. मामा कामावरून सरळ तिथेच आले होते. त्यांनी आम्हाला ग्लास दिले, मग स्वतःचा घेतला. पांढऱ्याशुभ्र फेसावर धरलेली त्यांची बोटं मला दिसली. नखांच्या कडेला देवळाचा तो करडा रंग तसाच होता.