लिनक्स मशीनचा राउटर करून पाहिला

पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा डेटाचा तुकडा) राउटरमार्फत एका नेटवर्कमधून दुसऱ्यात नेमकं कसं जातं हे मला प्रत्यक्ष बघायचं होतं. म्हणून दोन नेटवर्क कार्डं असलेलं एक लिनक्स मशीन घेतलं. त्याच्या एका बाजूला १९२.१६८.१०.०/२४ हे नेटवर्क (/२४ म्हणजे पत्त्याचे पहिले २४ बिट नेटवर्कचे), दुसऱ्या बाजूला १९२.१६८.२०.०/२४ आणि दोन्हीकडे लिनक्सचाच एकेक कॉम्प्युटर.

कार्डांना पत्ते दिले, पहिल्या कॉम्प्युटरवर मधल्या मशीनचा पत्ता गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार) म्हणून टाकला आणि पलीकडे पिंग केलं, म्हणजे उत्तर मागणारं छोटं पॅकेट पाठवलं. काहीच नाही. दुसऱ्यासाठी आलेलं पॅकेट लिनक्स आपणहून पुढे पाठवत नाही, टाकून देतं. कर्नेलची (लिनक्सच्या गाभ्याची) 'आयपी फॉरवर्ड' सेटिंग ० वरून १ करावी लागते. ती केली, तरी उत्तर येईना.

मग पलीकडच्या कॉम्प्युटरवर टीसीपीडम्प, म्हणजे येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन, लावलं. विनंती तिथवर व्यवस्थित पोचत होती! उत्तरच निघत नव्हतं, कारण १०च्या नेटवर्ककडे कुठून जायचं हे त्याच्या राउटिंग टेबलमध्ये (वाटांच्या यादीत) नव्हतं. पॅकेट कोणत्या वाटेनं आलं हे राउटिंग लक्षात ठेवत नाही. परतीची वाट टेबल पाहून नव्यानं ठरते. माझ्या मते राउटिंग शिकवताना हेच सगळ्यात आधी सांगायला हवं. तिथे परतीचा रूट टाकला आणि पिंगची उत्तरं येऊ लागली. टीटीएल (पॅकेट अजून किती राउटर ओलांडू शकतं तो आकडा) ६३ दिसला: निघताना ६४, राउटरनं एक कमी केलेला.

खरी मजा पुढे आली. राउटरच्या दोन्ही कार्डांवर एकदम टीसीपीडम्प लावून तेच पॅकेट आत येताना आणि बाहेर पडताना पाहिलं. नॅट (वाटेत आयपी पत्ते बदलण्याची सोय) लावलेलं नव्हतं, त्यामुळे आयपी पत्ते दोन्हीकडे तेच. मॅक पत्ते, म्हणजे नेटवर्क कार्डांचे स्वतःचे पत्ते, मात्र पूर्ण वेगळे. आत येताना पॅकेट राउटरच्या मॅकवर आलं होतं. बाहेर पडताना पाठवणारा मॅक राउटरच्या दुसऱ्या कार्डाचा आणि घेणारा पलीकडच्या कॉम्प्युटरचा, जो राउटरनं एआरपीनं (आयपी पत्त्यावरून मॅक विचारायच्या पद्धतीनं) विचारून घेतला होता. म्हणजे जुनी फ्रेम (पॅकेटभोवतीचं मॅक पत्त्यांचं वेष्टण) काढून प्रत्येक टप्प्यावर नवी चढवली जाते. टीटीएल बदलला की हेडरचा (पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीचा) चेकसम, म्हणजे चूक पकडायचा आकडा, हाही बदलावा लागतो. आयपीव्ही६च्या (आयपीच्या नव्या आवृत्तीच्या) हेडरमध्ये चेकसम ठेवलेलाच नाही, ते का, हे इथे मला मनापासून पटलं.

शेवटी राउटरवर इंटरनेटकडे जाणारा डिफॉल्ट रूट (दुसरी वाट नसेल तेव्हाची वाट) टाकला. ०.०.०.०/० प्रत्येक पत्त्याला जुळतो, तरी २०च्या नेटवर्कची पॅकेटं तिकडे वळली नाहीत. जुळणाऱ्या रूटांपैकी ज्याचा प्रीफिक्स (पत्त्याचा जुळवायचा सुरुवातीचा भाग) सर्वांत लांब, तोच निवडला जातो. /२४ असताना /० ची पाळीच येत नाही. मग याहूनही लांब प्रीफिक्स घेऊन पाहायचं ठरवलं. पलीकडच्या कॉम्प्युटरला आणखी एक पत्ता दिला आणि तेवढ्याच पत्त्यासाठी राउटरवर /३२ चा ब्लॅकहोल रूट, म्हणजे पॅकेट गुपचूप टाकून देणारा रूट, टाकला. त्या पत्त्याचं पिंग लगेच थांबलं, त्याच कॉम्प्युटरच्या पहिल्या पत्त्याचं चालूच राहिलं.